बॅकअपमधून काय गळतं? सिस्टिमच्या फाइली वगळण्याचे नियम आणि ते तपासायची पद्धत

काकांचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, निवडणूक आली की उमेदवारांची पत्रकं. दोन वर्षांपूर्वी तिथल्या संगणकाची हार्ड डिस्क गेली. मी निवांत होतो, कारण बॅकअपचं सॉफ्टवेअर मीच बसवलं होतं आणि रोज रात्री ते हिरवी खूण दाखवत होतं. नवी डिस्क आणली, विंडोज टाकलं, रिस्टोअर केलं. सगळ्या फाइली जागेवर आल्या. काकांनी एक पत्रिका उघडली, तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांची खिचडी.

फॉन्टच गायब होते. जुने मराठी फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या काळातले. त्यात मजकूर साठतो तो इंग्रजी अक्षरांच्या जागांवर, आणि फॉन्ट असला तरच तो मराठी दिसतो. हे फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमधल्या 'फॉन्ट्स'मध्ये असतात. बॅकअप सॉफ्टवेअरने विंडोजचं अख्खं फोल्डर 'ऑपरेटिंग सिस्टिम' म्हणून वगळलं होतं. त्याच्या नियमाप्रमाणे त्याचं काही चुकलं नव्हतं. तो नियम मी कधी वाचलाच नव्हता, ही चूक माझी. वीस वर्षांत जमवलेले फॉन्ट जुन्या सीड्यांमधून आणि धंद्यातल्या ओळखीच्या लोकांकडून गोळा करण्यात बरेच दिवस गेले.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो. जे कळलं ते पायऱ्यापायऱ्यांनी मांडतोय. (फाइली आणि फोल्डरांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, पडद्यावर ती इंग्रजीत दिसतील.)

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- संगणकाचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड. त्याशिवाय अर्ध्या याद्या दिसतच नाहीत.
- बॅकअप सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, आणि त्याच्या सेटिंगमधलं 'एक्सक्लूजन' किंवा 'फिल्टर' नावाचं पान.
- शेवटच्या बॅकअपचा लॉग. बरीच सॉफ्टवेअरं वगळलेल्या फाइलींची नोंद तिथेच करतात, पण त्यासाठी लॉग सविस्तर ठेवायचं सेटिंग चालू करावं लागतं.
- एक रिकामी बाहेरची डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह, रिस्टोअर करून पाहण्यासाठी.
- वही. खरंच सांगतो, कागदाची वही. संगणक बंद पडल्यावर संगणकातली नोंद उपयोगाची नसते.

१. तुमचा बॅकअप कोणत्या जातीचा आहे ते आधी ओळखा

दोन जाती आहेत. पहिली इमेज बॅकअप. यात सॉफ्टवेअर फाइल-फाइल न पाहता डिस्कवरचे वापरातले ब्लॉक उचलतं. विंडोज, प्रोग्रॅम, फॉन्ट सगळं येतं. वगळलं जातं ते अगदी थोडं: मेमरीची पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, रीसायकल बिन, शॅडो कॉपीची (ड्राइव्हच्या गोठवलेल्या चित्राची) साठवण, इतकंच. व्हीम एजंट आणि मॅक्रियम रिफ्लेक्ट याच वाटेने जातात. क्लोनझिलात तर पेजफाइल आणि हायबरनेशनची फाइल काढून टाकायचा वेगळा पर्यायच आहे, आणि लिनक्सच्या स्वॅप पार्टिशनमधला (पेजफाइलीचं काम करणाऱ्या डिस्कच्या भागातला) मजकूर ते उचलत नाही, फक्त त्याची ओळख नोंदवून ठेवतं.

दुसरी जात फाइल बॅकअप. यात सॉफ्टवेअर एकेका फोल्डरात शिरतं आणि प्रत्येक फाइलीबद्दल विचारतं, घेऊ की नको? या लेखाचा सगळा विषय हाच प्रश्न आहे. क्लाउडवर चालणाऱ्या बहुतेक घरगुती सेवा याच जातीच्या, कारण इंटरनेटवरून विंडोजचं अख्खं फोल्डर चढवायला कोणाला परवडतं?

विंडोज ८ पासून आलेली 'फाइल हिस्टरी' तिसऱ्याच वळणाची. ती 'काय वगळू' असं विचारतच नाही. तिच्याकडे 'काय घेऊ' याची यादी असते: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी ठरावीक फोल्डरं. त्याबाहेरचं सगळं आपोआप गळालं. सी ड्राइव्हवर 'कामं २०२३' असं स्वतःचं फोल्डर केलं असेल, तर ते तुम्ही मुद्दाम यादीत घातल्याशिवाय तिला माहीतच नसतं.

२. वगळण्यामागची कारणं समजून घ्या

पाठ करायला यादी शोधू नका, ती दर आवृत्तीला बदलते. कारणं मात्र तीच राहतात.

काही फाइली परत आणून उपयोग नसतो. पेजफाइल म्हणजे रॅममध्ये न मावलेला मजकूर. संगणक पुन्हा सुरू झाला की तिचा अर्थ संपतो. हायबरनेशनची फाइल म्हणजे झोपलेल्या संगणकाच्या मेमरीचा ठसा. विंडोज १० मध्ये तिचा पूर्ण प्रकार रॅमच्या सुमारे ४० टक्के जागा घेतो, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर साडेसहा जीबीच्या आसपास. रोज बदलणारी आणि उद्या निरुपयोगी असलेली ही साडेसहा जीबी कशाला वाहायची?

काही फाइली डिस्कवर नसतातच, त्या कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, उभा केलेला देखावा असतात. लिनक्सवर /प्रॉक या फोल्डरात 'केकोअर' नावाची फाइल असते. ६४-बिट इंटेल किंवा एएमडी यंत्रावर तिचा आकार १२८ टेराबाइट दिसतो. माझ्याकडची डिस्क ५०० जीबीची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यंत्राला काहीतरी झालं. ती म्हणजे मेमरीच्या पत्त्यांचा नकाशा, आणि बॅकअप भोळेपणाने तिच्यात शिरला तर बाहेर कधी यायचा ते सांगता येत नाही.

काही फाइली पुन्हा तयार होतात: ब्राउझरची कॅशे, चित्रांच्या लहान प्रतिमा, शोधाची अनुक्रमणिका. काही पुन्हा मिळतात, म्हणजे खुद्द ऑपरेटिंग सिस्टिम. आणि काही घेतल्या तर चक्र सुरू होतं: बॅकअप जिथे साठतोय तेच फोल्डर बॅकअपमध्ये आलं, तर उद्याच्या बॅकअपमध्ये आजचा, परवाच्या बॅकअपमध्ये उद्याचा.

यातलं 'पुन्हा मिळतात' हे कारण सगळ्यात फसवं. सॉफ्टवेअर फाइलीचा पत्ता बघतं, मालक बघत नाही. विंडोजच्या वाड्यात भाड्याने राहणारी तुमची फाइल त्याला विंडोजचीच वाटते.

३. विंडोज: रजिस्ट्रीतली यादी उघडून वाचा

बहुतेकांना ठाऊक नसतं, पण काय घेऊ नये याची एक यादी विंडोज स्वतःच ठेवतं. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगांचं कोठार. रजिस्ट्री एडिटर उघडा आणि या वाटेने जा: एचके-लोकल-मशीन, सिस्टिम, करंट-कंट्रोल-सेट, कंट्रोल, बॅकअप-रिस्टोअर. तिथे 'फाइल्स-नॉट-टू-बॅकअप' नावाची 'की', म्हणजे रजिस्ट्रीतला कप्पा, दिसेल.

फक्त वाचा. तिथे काही बदलू नका.

उजवीकडे प्रत्येक ओळीला एक नाव असतं (पेजफाइल, पॉवर मॅनेजमेंट, तात्पुरत्या फाइली वगैरे) आणि पुढे एक किंवा अनेक मार्ग. मार्गाच्या शेवटी तिरकी रेघ आणि 'एस' असेल तर आतली सगळी उपफोल्डरंही वगळायची. मार्गाच्या सुरुवातीला ड्राइव्हचं अक्षर नसेल तर तो नियम एकट्या सी ड्राइव्हपुरता नसतो. टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये 'टेम्प' लिहिलेलं असेल, तर त्या जागी चालू खात्याचं तात्पुरतं फोल्डर घ्यायचं. आता बॅकअपची सेवा बऱ्याचदा तुमच्या खात्याखाली चालत नाही, 'सिस्टिम' खात्याखाली चालते. त्या खात्याचं टेम्प वेगळं. म्हणून तुमच्या टेम्पमधला कचरा बॅकअपमध्ये आलेला दिसला तर दचकू नका.

या यादीबद्दल दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. एक, ती विनंती आहे. बॅकअप सॉफ्टवेअरने ती पाळावी अशी अपेक्षा असते, सक्ती नसते. डुप्लिकाटीसारखं मुक्त सॉफ्टवेअर ती वाचून आपल्या फिल्टरमध्ये घेतं, दुसरं एखादं ढुंकूनही पाहत नाही. दोन, यादीत भर फक्त मायक्रोसॉफ्टच घालतं असं नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा हक्क मिळालेला कोणताही इन्स्टॉलर आपली ओळ तिथे टाकू शकतो. अनोळखी नाव दिसलं तर ते वहीत उतरवा.

शेजारी 'फाइल्स-नॉट-टू-स्नॅपशॉट' नावाची आणखी एक की असते. विंडोज चालू असताना उघड्या फाइलींचा बॅकअप घेण्यासाठी आधी ड्राइव्हचं एक गोठवलेलं चित्र काढलं जातं, त्याला शॅडो कॉपी म्हणतात. या दुसऱ्या यादीतल्या फाइली त्या गोठवलेल्या चित्रातूनच काढून टाकल्या जातात. म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरने पहिली यादी पाळली नाही तरी ही फाइल त्याच्यापर्यंत पोचतच नाही. आउटलुकची 'ओएसटी' फाइल अशीच गळते. ती सर्व्हरवरच्या मेलची स्थानिक प्रत असल्याने गेली तरी पुन्हा उतरते. 'पीएसटी' फाइल मात्र तुमची एकमेव प्रत असू शकते. नावात एका अक्षराचा फरक आहे आणि लोक नेमके तिथेच गोंधळतात.

विंडोजवरचे आणखी दोन सापळे.

*खोटी दारं.* सी ड्राइव्हवर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' नावाचं लपवलेलं फोल्डर असतं. ते फोल्डर नाही, 'युजर्स'कडे नेणारं दार आहे, त्याला जंक्शन म्हणतात. तुमच्या प्रोफाइलमध्ये 'अ‍ॅपडेटा'च्या 'लोकल'मध्ये 'अ‍ॅप्लिकेशन डेटा' नावाचं असंच दार आहे, आणि ते उघडतं परत 'लोकल'मध्येच! जंक्शन न ओळखणारं साधन त्यात शिरलं की गोल गोल फिरत राहतं. रोबोकॉपीने नक्कल करत असाल तर जंक्शन वगळायचा 'एक्सजे' हा पर्याय द्या. तयार सॉफ्टवेअरात 'रीपार्स पॉइंट' किंवा 'सिमलिंक' अशा नावाचं सेटिंग शोधा.

*पोकळ फाइली.* वनड्राइव्हमध्ये 'फक्त ऑनलाइन' ठेवलेली फाइल फोल्डरात दिसते, तिचा आकार २ जीबी दिसतो, पण डिस्कवरची जागा शून्य. फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क' हे दोन आकडे शेजारी शेजारी असतात, ते पाहा. अशा फाइलीवर विशिष्ट गुणधर्माची खूण असते. ती पाहून काही सॉफ्टवेअरं फाइल सोडून देतात, काही ती इंटरनेटवरून ओढायला लागतात आणि तुमची डिस्क भरून टाकतात. तुमचं यातलं काय करतं हे सेटिंगमध्ये पाहून ठेवा.

४. मॅक असेल तर

टाइम मशीन २००७ मध्ये मॅक ओएस एक्स १०.५ सोबत आलं. त्याच्या सेटिंगमध्ये वगळण्याची यादी दिसते, पण तिथे दिसतं ते तुम्ही वगळलेलं. टाइम मशीनची स्वतःची यादी तिथे दाखवत नाहीत. कॅशे, तात्पुरती फोल्डरं, स्पॉटलाइटची अनुक्रमणिका, स्वॅप, कचरापेटी हे सगळं ते न सांगता सोडतं.

सिस्टिमबद्दलचा प्रश्न अ‍ॅपलने वेगळ्या तऱ्हेने सोडवला. २०१९ च्या कॅटलिनापासून ऑपरेटिंग सिस्टिम स्वतंत्र, फक्त वाचता येणाऱ्या व्हॉल्यूमवर गेली. २०२० च्या बिग सरमध्ये त्या व्हॉल्यूमला डिजिटल सहीचं सील लागलं. तिथे तुम्हाला काही ठेवताच येत नाही, त्यामुळे टाइम मशीनने तो भाग सोडला तरी तुमचं काही जात नाही. माझ्या मते ही व्यवस्था विंडोजपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. मालकाचं घर वेगळं, भाडेकरूचं वेगळं.

मॅकवरचा सापळा दुसरा आहे: चिकट खूण. कोणतंही अ‍ॅप एखाद्या फाइलीवर 'हिचा बॅकअप नको' अशी अदृश्य खूण लावू शकतं. ती फाइल दुसऱ्या फोल्डरात हलवली तरी खूण तिच्यासोबत जाते. तपासायचं असेल तर टर्मिनलमध्ये 'टीएमयूटिल' या आज्ञेपुढे 'इजएक्सक्लूडेड' लिहा आणि मग फाइल ओढून टर्मिनलच्या खिडकीत सोडा, मार्ग आपोआप उमटेल. उत्तर चौकटी कंसात येतं, 'एक्सक्लूडेड' किंवा 'इन्क्लूडेड'. व्हर्च्युअल मशीनच्या मोठ्या डिस्क-फाइलींवर हे नक्की करून पाहा.

५. लिनक्स: इथे यादी तुम्हीच लिहायची असते

लिनक्सवर एक मध्यवर्ती यादी नाही, आणि ते सोयीचंही आहे. /प्रॉक, /सिस, /डेव्ह, /रन ही चार फोल्डरं कर्नल आणि चालू सिस्टिमने उभी केलेली, ती वगळायची. /टेम्प, स्वॅपची फाइल, जोडलेल्या डिस्कांची /मीडिया आणि /एमएनटी ही फोल्डरं, आणि बॅकअप जिथे जातोय ती जागा, हेही वगळायचं.

पण कसं वगळायचं, यात नवखे फसतात. फोल्डर वगळणं आणि फोल्डरातला मजकूर वगळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. /प्रॉक हे फोल्डरच वगळलंत, तर रिस्टोअर केलेल्या डिस्कवर ते नसेल आणि सुरू होताना कर्नलचा देखावा बसवायला जागाच सापडणार नाही. म्हणून वगळताना 'प्रॉक, तिरकी रेघ, तारा' असं लिहायचं, म्हणजे रिकामं फोल्डर राहतं. /टेम्पचंही तेच, शिवाय त्याच्या परवानग्या १७७७ (कोणीही लिहावं, पण दुसऱ्याची फाइल पुसू नये) असाव्या लागतात. त्या नसतील तर एरवी साधे वाटणारे प्रोग्रॅम विचित्र तक्रारी करू लागतात.

यावर उपाय म्हणून बरेच जण 'एकाच फाइलसिस्टिममध्ये राहा' हा पर्याय सुचवतात. फाइलसिस्टिम म्हणजे डिस्कच्या एका भागावर फाइली ठेवायची मांडणी. टार, आरसिंक, बोर्ग, रेस्टिक या नकलेच्या आणि बॅकअपच्या साधनांत, सगळ्यांत तो आहे. तो दिला की /प्रॉकसारखे देखावे आपोआप सुटतात. पण घराचं फोल्डर, म्हणजे /होम, वेगळ्या पार्टिशनवर असेल तर तेही सुटतं! फेडोरा ३३ पासून, म्हणजे २०२० पासून, डेस्कटॉपसाठी बीटीआरएफएस हीच मूळ फाइलसिस्टिम आहे आणि तिथे /होम हा वेगळा सबव्हॉल्यूम, म्हणजे फाइलसिस्टिमच्या आतला स्वतंत्र कप्पा, असतो. डिस्क एक, पार्टिशन एक, तरी या पर्यायाला ते वेगळं घर वाटतं. बॅकअप पाच मिनिटांत संपला म्हणून खूश होऊ नका, आधी /होम आलं का पाहा. सुटलं असेल तर त्याचं नाव वेगळं देऊन ते यादीत घ्या.

कॅशेची फोल्डरं ओळखायला लिनक्सच्या जगात एक सुंदर पद्धत आहे. ज्या फोल्डरात 'कॅशेडिर.टॅग' नावाची फाइल असेल आणि तिची पहिली ४३ अक्षरं ठरलेल्या सहीची असतील, ते फोल्डर कॅशे समजायचं. ही कल्पना ब्रायन फोर्ड यांची. रस्ट भाषेचं कार्गो हे साधन आपल्या 'टार्गेट' फोल्डरात ही फाइल स्वतःहून ठेवतं. बोर्ग, रेस्टिक आणि टार ती ओळखतात, पण सांगितलं तरच. 'एक्सक्लूड-कॅशेस' हा पर्याय द्यायला विसरलात तर ती फाइल तिथे नुसती पडून राहते.

जुन्या 'डंप' प्रोग्रॅमसाठी 'नोडंप' नावाची खूण असते, तिची एक गंमत. मूळ सेटिंगमध्ये डंप पूर्ण बॅकअप घेताना ही खूण मानत नाही, त्यानंतरच्या वाढीव (फक्त बदललेल्या फाइलींच्या) बॅकअपमध्ये मानतो. म्हणजे वगळलेली फाइल महिन्यातून एकदा दिसते आणि मधे नाहीशी होते. कोणी तुम्हाला 'बॅकअपमध्ये भूत आहे' म्हणालं तर हे आठवा.

आणि टाइमशिफ्ट. लिनक्स मिंट वापरणाऱ्यांनो, टाइमशिफ्ट सिस्टिमचे स्नॅपशॉट घेतं, तुमच्या घराचे फोल्डर मुळात वगळतं. बॅकअप म्हणून त्यावर विसंबलात तर अपडेटमुळे बिघडलेलं मिंट परत मिळेल, मुलीच्या बारशाचे फोटो मिळणार नाहीत. डेजा-डुप हे बॅकअपचं साधन नेमकं उलटं: ते घर घेतं, सिस्टिम सोडतं, आणि घरातलंही कचरापेटी आणि 'डाउनलोड्स' मूळ सेटिंगमध्ये वगळतं. तुमची आधार-पॅनची पीडीएफ कुठे पडली आहे? माझी डाउनलोड्समध्ये होती.

६. सिस्टिमच्या वाड्यात राहणारा तुमचा माल शोधा

वहीचं पान काढा. खालच्या प्रत्येक जागी जाऊन पाहा आणि तुमचं काही सापडलं तर लिहा.

विंडोजवर:

- विंडोजमधलं 'फॉन्ट्स' फोल्डर. श्रीलिपी, कृतिदेव असे जुने फॉन्ट वापरणाऱ्या प्रत्येक डीटीपीवाल्याने आजच त्याची प्रत दुसरीकडे ठेवावी. अलीकडच्या विंडोजमध्ये एकाच खात्यासाठी बसवलेला फॉन्ट तिथे नसतो, तो तुमच्या 'अ‍ॅपडेटा'तल्या 'लोकल'मध्ये, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स असा आत असतो. दोन्हीकडे पाहा.
- 'प्रोग्रॅम फाइल्स'. जुनं हिशेबाचं किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर आपला डेटा स्वतःच्याच फोल्डरात ठेवतं.
- 'व्हर्च्युअल-स्टोअर'. यावर दोन शब्द जास्त लिहितो. व्हिस्टापासून विंडोज साध्या खात्याला 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये लिहू देत नाही. पण जुना ३२-बिट प्रोग्रॅम तिथे लिहायला गेला तर विंडोज त्याला नकार देत नाही, गुपचूप ती फाइल 'अ‍ॅपडेटा', 'लोकल', 'व्हर्च्युअल-स्टोअर'मध्ये ठेवतं. प्रोग्रॅमला वाटतं आपण आपल्या घरात लिहिलं. तुम्ही 'प्रोग्रॅम फाइल्स'ची प्रत ठेवता, आणि तिथे असतो पाच वर्षांपूर्वीचा, इन्स्टॉलच्या दिवशीचा डेटा.
- 'प्रोग्रॅमडेटा'. लपवलेलं असतं. डेटाबेस आणि लायसन्सच्या फाइली इथे सापडतात.
- 'पब्लिक' युजरचं फोल्डर. दुकानांतली हिशेबाची सॉफ्टवेअरं हल्ली इथे डेटा ठेवतात, म्हणजे कोणत्याही खात्यातून उघडता येतो. एकाच युजरचा बॅकअप लावला असेल तर हा सुटतो.

लिनक्सवर /इटीसी, /ऑप्ट, /यूएसआर/लोकल, ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या वेळापत्रकांचं /व्हार/स्पूल/क्रॉन, आणि डेटाबेसचं /व्हार/लिब. डेटाबेसच्या फाइली चालू असताना तशाच उचलू नका. आधी डेटाबेसच्या साधनाने डंप (सगळ्या मजकुराची वेगळ्या फाइलीतली प्रत) काढा आणि तो डंप बॅकअपमध्ये घ्या.

७. स्वतःचे नियम लिहिताना

वगळण्याचे नियम म्हणजे नमुने: तारा, प्रश्नचिन्ह, तिरक्या रेघा. प्रत्येक साधनाचं व्याकरण वेगळं असतं, एकाचे नियम दुसऱ्यात चिकटवू नका. आरसिंकमध्ये वरून खाली जाताना पहिला जुळणारा नियम लागतो आणि शोध थांबतो. म्हणून अपवाद आधी लिहायचा, व्यापक नियम नंतर. त्यातच नमुन्याच्या सुरुवातीची तिरकी रेघ म्हणजे डिस्कचं मूळ नव्हे, तुम्ही जे फोल्डर नक्कल करायला दिलं त्याचं मूळ. यात मी एक संध्याकाळ घालवली आहे.

नुसत्या नावावर वगळणं टाळा. 'टेम्प नावाचं कुठलंही फोल्डर सोड' असा नियम लिहिलात, तर आपल्याकडच्या ऑफिसांचं काय होईल विचार करा. तातडीची सगळी कामं 'टेम्प', 'टेम्प १' आणि 'न्यू फोल्डर (३)' यांतच असतात. तसंच '.बॅक' शेपटीच्या फाइली. सॉफ्टवेअरवाल्याला तो कचरा वाटतो, पण मूळ ड्रॉइंग बिघडलं तर ऑटोकॅडवाला तीच फाइल शोधतो.

आणखी एक, नवा नियम मागच्या बॅकअपला लागू होत नाही. आज एखादं फोल्डर वगळलंत तरी जुन्या प्रतींमध्ये ते राहतं. आरसिंकने आरसा ठेवत असाल, म्हणजे मूळ जागेवरून गेलेलं तिकडूनही पुसत असाल, तरी वगळलेल्या फाइली तिकडे तशाच राहतात. त्या पुसायचा पर्याय वेगळा आहे आणि तो विचार करूनच द्या.

८. खुणेच्या फाइली पेरून पाहा

याद्या वाचून खात्री होत नाही, कारण सिस्टिमची यादी, सॉफ्टवेअरची यादी आणि तुमची यादी एकमेकींवर चढतात. म्हणून मी हे करतो.

वहीत लिहिलेल्या प्रत्येक जागी एक छोटी मजकुराची फाइल ठेवा, नाव 'खूण-१', 'खूण-२' असं. कोणती कुठे ठेवली ते वहीत लिहा. फॉन्ट्सच्या फोल्डरात साधी फाइल ठेवता येत नाही, तिथे एखादा बिनकामाचा फॉन्ट 'सगळ्या युजरांसाठी' या पर्यायाने बसवा आणि तीच खूण समजा. रात्रीचा बॅकअप नेहमीप्रमाणे होऊ द्या, हाताने चालवू नका. हाताने चालवलेला बॅकअप तुमच्या खात्याखाली चालतो, रात्रीचा वेगळ्या खात्याखाली, आणि निकाल वेगळे येऊ शकतात. सकाळी बाहेरच्या डिस्कवर रिस्टोअर करा. मूळ जागेवर करू नका. मग खुणा शोधा. नंतर पेरलेल्या फाइली काढून टाका.

न आलेल्या प्रत्येक खुणेसमोर वहीत एकच प्रश्न लिहा: ही जागा उद्या गेली तर परत कशी मिळवायची? उत्तर 'आपोआप तयार होते' असेल तर सोडून द्या. 'इन्स्टॉलर आहे' असेल तर तो इन्स्टॉलर आणि लायसन्स नंबर खरंच आहे का बघा. उत्तर सुचत नसेल तर ती जागा बॅकअपच्या घ्यायच्या यादीत स्वतंत्र घाला. बहुतेक सॉफ्टवेअरांत वगळलेल्या फोल्डराच्या आतलं एखादं फोल्डर मुद्दाम घेता येतं. नसेल येत, तर रोज संध्याकाळी त्या फोल्डराची नक्कल डॉक्युमेंट्समध्ये टाकणारी दोन ओळींची बॅच फाइल लिहा आणि टास्क शेड्युलरला जोडा.

छापखान्यात मी नऊ खुणा पेरल्या होत्या. सहा आल्या. टेम्पमधली आली नाही, ते ठीकच. फॉन्ट आला नाही, ते अपेक्षित होतं. तिसरी 'व्हर्च्युअल-स्टोअर'मधली, आणि तिच्या शेजारी काकांच्या उधारीची अकरा वर्षांची वही होती. ते फोल्डर त्याच दिवशी यादीत घातलं. काका आता दर दिवाळीच्या आधी, गर्दी सुरू व्हायच्या आत, मला फोन करून विचारतात, "खुणा पेरायला येतोस ना?"